रंगपंचमीच्या विहिरीतली घोणस

माझे थोरले दीर, ज्यांना घरात लहानथोर सगळेच दादा म्हणायचे, त्यांना सापाबद्दल सगळं माहीत होतं. हे त्यांनीच सांगितलेलं. दुसऱ्या कुणी तसं म्हणल्याचं मला आठवत नाही, पण त्यांच्यापुढं दुसऱ्या कुणाला म्हणायला वेळच मिळत नसे.

मी कोल्हापुरातल्या एका पेठेत वाढलेली. नव्वदच्या दशकात लग्न होऊन कळंब्याच्या पलीकडच्या या वस्तीवर आले. घरामागं ऊस, उसाच्या कडेला विहीर. शिमगा आला की विहिरीचं पाणी खाली जायचं, कपारी उघड्या पडायच्या आणि कपारीतून विरोळे डोकी काढायचे. विरोळा म्हणजे पाण्यातला बिनविषारी साप, इकडं त्याला इरुळा म्हणतात. बिचारे बेडूक-मासे खाऊन जगत. चावले तर चार थेंब रक्त यायचं, त्यापलीकडं काही नाही.

एवढ्या भांडवलावर दादांनी सर्पतज्ज्ञ म्हणून नाव कमावलं होतं. पाहुणे आले की त्यांना विहिरीवर न्यायचं, पायऱ्या उतरून एखादा विरोळा शेपटीला धरून उचलायचा, आणि वर आणून बायकापोरांच्या अंगावर धरायचा. बायका किंचाळल्या की पाहुणे खूश. मग दादा मिशीवरून हात फिरवत आपला सिद्धांत मांडायचे.

"पाण्यातल्या सापाला इख नसतंय, पावणं. इख जमिनीवरच्याला. पाण्यात पडलं की इख धुऊन जातंय."

पाहुणे माना डोलवायचे. मला वाटायचं, डोक्यात विचार करायचं यंत्र असलेला एक तरी माणूस विचारेल, की विष काय कपड्याचा रंग आहे का धुऊन जायला? कुणीही विचारलं नाही. मी एकदा तोंड उघडलं तर आमच्या ह्यांनी डोळ्यानंच गप्प केलं. थोरल्या भावापुढं ह्यांच्या तोंडून शब्द निघायचा नाही. दादांनी उद्या सूर्य मावळतीकडनं उगवतो म्हणलं असतं, तरी ह्यांनी "व्हय की" म्हणून मान हलवली असती.

जाऊबाईंना मी आक्का म्हणायची. त्यांना नवऱ्याच्या या पराक्रमांचं काय वाटायचं ते त्या बोलत नसत. साप नाचवायचा कार्यक्रम सुरू झाला की त्या गोठ्यात निघून जायच्या, एवढंच.

त्या साली रंगपंचमीला नेहमीसारखी वस्तीवरची सगळी पुरुषमंडळी दुपारपर्यंत रंग खेळली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रंगाची पिंपं ठेवून गावभर फिरली. माणसं ओळखू येईनात. कुणी निळा, कुणी हिरवा, आणि बऱ्याच जणांच्या अंगावर तो वॉर्निशमध्ये कालवलेला चंदेरी रंग, जो चामडं सोलल्याशिवाय निघत नाही. मग धुवायला सगळे आमच्या विहिरीवर आले. आक्का आणि मी वर काठावर टॉवेल, साबण आणि रॉकेलची बाटली घेऊन उभ्या. आमची नेमणूकच ती होती.

पहिली उडी पडायच्या आधी कुणीतरी ओरडलं, "साप हाय! साप!"

पाण्याच्या कडेला, भिंतीला लागून एक साप अर्धवट तरंगत होता. वरून पडला असावा आणि बाहेर निघायला जागा सापडत नसावी. दमलेला दिसत होता. उड्या मारायला निघालेले सगळे पहिलवान मागं सरकले आणि सगळ्यांनी दादांकडं पाहिलं. याच क्षणाची दादा वाट बघत असायचे.

"आरं इरुळा हाय त्यो. भिताय काय बायकांवानी?"

आक्का वाकून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "आवं, ह्यो लई जाडा दिसतोय."

"बेडूक खाऊन फुगलाय. तू गप बस."

दादा पायऱ्या उतरले. डोळ्यांत रंग गेलेला, पापण्या चिकटलेल्या, बोटांवर चंदेरी वॉर्निश. त्यांना सापाचा रंग काय आणि नक्षी काय, कपाळ दिसत होतं. साप फुसफुसायला लागला. साधं नव्हे, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाफ जशी दाटून येते तसा आवाज वर काठापर्यंत येत होता. विरोळ्याचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"दादा, सोडा त्याला!" मी ओरडले.

"लाजतोय त्यो," दादा खालनं म्हणाले आणि सगळे खो-खो हसले. त्या हसण्यातच त्यांनी हात घातला.

साप वळला ते कुणाला दिसलंसुद्धा नाही. दादांनी हात झटकला आणि साप पायरीवर आपटला. करंगळीशेजारच्या बोटाला, अंगठीच्या वर, दोन ठिपके. मघाशी मागं सरकलेल्या शूरांना आता एकदम जोर चढला. पायरीवर पडलेल्या त्या दमलेल्या जिवाला त्यांनी दगडांनी ठेचला.

दादा वर आले ते हसतच. "इरुळ्यानं चावलंय. त्याला काय हुतंय? साबण आण."

पण साबण लावता लावता बोट फुगायला लागलं. मग हाताचा पंजा. दादांच्या कपाळावर घाम आला आणि ते बसले. आता मंडळी जागी झाली, आणि खरा गाढवपणा इथून सुरू झाला. एकानं उसाच्या मोळीची दोरी आणून मनगटाला करकचून बांधली. दुसऱ्यानं बोटाच्या बुडाला सुतळी आवळली. तिसरा, जो मघाशी सगळ्यात मागं होता, तो ब्लेड शोधायला पळाला. सुदैवानं त्याला ते सापडलं नाही. आणि एका वयस्कर गृहस्थांनी फर्मान सोडलं, की मिरची खायला घाला. तिखट लागली तर विष नाही, तिखट लागली नाही तर विष चढलं.

हिरवी लवंगी मिरची आली. दादांनी ती कडाकडा चावली. सगळे श्वास रोखून उभे.

"लागतीया का तिखट?"

डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, नाक लाल झालेलं, आणि दादा म्हणाले, "न्हाय बा. काय न्हाय लागत."

या माणसानं जन्मात कधी मिरची तिखट लागली असं कबूल केलं नव्हतं. मरणाच्या दारात तरी का करावं? पण मंडळींनी एकच गलका केला. इख चढलं, इख चढलं! कुणी रडायला लागलं. आक्कांनी मात्र माझा दंड धरला. "शहरात न्हेऊया त्यास्नी," त्या म्हणाल्या. "तू सांग ह्या लोकास्नी. माझं कोण ऐकणार न्हाय."

माझं तरी कोण ऐकत होतं? दादांना रंगाच्या पिंपांसकट ट्रॉलीत चढवलं आणि त्यांच्यामागं निम्मी वस्ती चढली. जणू लग्नाला निघाली होती. ट्रॅक्टर आमच्या ह्यांनी घेतला. मी साडी खोचून चाकावरच्या पत्र्यावर त्यांच्या शेजारी बसले. ट्रॉलीतनं एकमुखानं आज्ञा सुटत होती, की डोंगराकडच्या देवस्थानाला घ्या, तिथं लिंबाच्या पाल्यानं विष उतरवतात. दादाही पिंपाला टेकून क्षीण आवाजात तेच म्हणत होते.

फाट्यावर आल्यावर ह्यांनी ट्रॅक्टर हळू केला. डावीकडं देवस्थान, उजवीकडं कोल्हापूर.

मी म्हणाले, "डावीकडं घ्यायचं तर घ्या. पण मग आक्कांचं कुंकू तुम्ही तुमच्या हातानं पुसायचं. मी पुसणार नाही."

मागून दादा ओरडले, "आरं, डावीकडं!" आणि त्या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या भावाचं न ऐकता ट्रॅक्टर उजवीकडं वळवला. मी त्यांच्याकडं पाहिलं. हिरव्या तोंडावर काही कळत नव्हतं, पण त्यांनी गिअर बदलून ट्रॅक्टर पळवायला घेतला होता.

शहरात रंगपंचमी ऐन भरात. रंगानं माखलेल्या माणसांची आरडाओरड करत जाणारी ट्रॉली बघून लोकांना वाटलं आमचीच मिरवणूक आहे. गल्लीगल्लीतून बादल्या पडल्या. आमचे लोक ओरडत होते, "आरं साप चावलाय, सोडा!" आणि ते ओरडत होते, "सोडतोय की!" आणि आणखी एक बादली. दादा दवाखान्यात पोहोचेपर्यंत निघाले त्याहून जास्त रंगले होते.

सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी हात बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "हा निळा रंग कसला? विषाचा की रंगपंचमीचा?"

नर्सनं रॉकेल आणि साबणानं हात घासायला घेतला आणि आमच्या लोकांना तोंडानं असं काही झाडलं की माझा जीव गार झाला. दोरी हळूहळू सोडवली. सुतळी मांसात रुतली होती. अंगठी कापावी लागणार होती, तेव्हा दादा म्हणाले, "सासऱ्यानं दिल्याली हाय." आक्का म्हणाल्या, "माझ्या बापानं दिल्याली हाय. कापा."

डॉक्टरांनी विचारलं, "साप कुठला होता?"

"इरुळा," दादा पडल्या जागेवरून म्हणाले. तेव्हा त्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं.

आमच्या शेजाऱ्यानं मात्र एक काम बरं केलं होतं, चुकून का होईना. ठेचलेला साप त्यानं गावाला दाखवायला म्हणून रंगाच्या बादलीत टाकून बरोबर आणला होता. बादलीत गुलाबी पाणी आणि त्यात गुलाबी साप. डॉक्टरांनी तो व्हरांड्यातल्या नळाखाली चिमट्यानं धरून धुतला. रंग निघत गेला आणि पाठीवर साखळीसारखी जोडलेली गोल-गोल ठिपक्यांची नक्षी दिसायला लागली.

"घोणस आहे ही," डॉक्टर म्हणाले. "वेळेवर आणलंत. इकडं तिकडं गेला असतात तर घरी न्यायला वेगळी गाडी लागली असती."

देवस्थानाचा आग्रह धरणारे सगळे भिंतीवरची लसीकरणाची पाटी वाचायला लागले.

दादा वाचले. इंजेक्शनं, सलाईन, लघवीतून रक्त, सगळं झालं. आक्का रात्रंदिवस कॉटखाली सतरंजीवर. बोट काळं पडलं ते काही वाचलं नाही, डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार विषापेक्षा सुतळीनं त्याचा जास्त घात केला. ते काढून टाकलं त्या दिवशी दादा भिंतीकडं तोंड करून रडले. मीही पदरानं डोळे पुसले. खोटं कशाला सांगू? कितीही झालं तरी घरचा माणूस.

पण ती कणव मला फार टिकवता आली नाही. दुसऱ्याच दिवशी भेटायला लोक आले आणि दादा उशीला टेकून बसले. मी त्यांना विचारलं, "दादा, पाण्यातल्या सापाला विष नसतं ना?"

"न्हाईच की," ते म्हणाले. "त्यो पाण्यातला न्हवताच. पाण्यात आलता. पावणा हुता त्यो."

आक्का सफरचंद चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बोट गेलं, तोंड ऱ्हायलं."

दादा घरी यायच्या आधी त्यांच्या चेल्यांनी सूड उगवला होता. भाले, काठ्या, गोफणी घेऊन ते विहिरीत उतरले आणि कपारीकपारीतले सगळे विरोळे मारले. घोणस एकही सापडली नाही. ती विहिरीत राहतच नाही. ज्यांनी कधी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं अशा जिवांची माळ बांबूवर लटकवून त्यांनी छाती काढून फोटो काढून घेतला. मला तो दाखवायला आणला. मी म्हणाले, "छान आलाय. यातला साप कुठला?" त्यांना ते कळलं नाही. बोटानं बांबू दाखवत बसले.

पुढच्या काही वर्षांत घोणशीचा नाग झाला. दोन हजार साल उलटेपर्यंत त्या नागाला फणा आला, फण्यावर आकडा आला, आणि दादांनी त्याला पाण्यात बुडवून मारला असा शेवट ठरला. सांगताना ते उजवा हात उंच करत. अपुरा हात बघितला की ऐकणाऱ्याचा विश्वास बसायचा. मिरचीची गोष्ट त्यात नसायची. फाट्याची तर नाहीच.

पण मला आठवते ती त्या प्रसंगानंतरची पहिलीच रंगपंचमी. दुपारी मंडळी नेहमीसारखी रंगून विहिरीकडं निघाली, पुढं दादा. आक्का पायरीच्या तोंडाशी आडव्या उभ्या होत्या. हातात मोटारीचा पाईप.

"विहिरीत कुणी उतरायचं न्हाय. धुवायचं ते हितं, वर."

"आगं पण..." दादा म्हणाले.

आक्कांनी मला खूण केली. मी मोटारीचा खटका दाबला. पाईप फुगला, उसळला, आणि आक्कांनी तो दोन्ही हातांनी धरून थेट दादांच्या छातीवर मारला. दादा धडपडत मागं गेले, दगडावर बसले. मागची मंडळी हसली तशी पाईप त्यांच्याकडंही वळला. मग सगळे निमूटपणे रांगेला लागले.

"डोळं झाका," आक्का दादांना म्हणाल्या. त्यांनी झाकले. "मान खाली." त्यांनी घातली. आक्का बराच वेळ त्यांच्यावर पाणी मारत राहिल्या. हिरवं पाणी, मग फिकट, मग स्वच्छ. कानामागचा चंदेरी रंग तेवढा निघाला नाही. मग त्यांनी पाईप माझ्या हातात दिला, टॉवेल दादांच्या डोक्यावर टाकला आणि भाकरी टाकायला आत गेल्या.