बेंदराच्या दिवशीची मोट

आमच्या गावात पाहण्यासारखं काय आहे, असं कुणी विचारलं तर हल्ली मी काही सांगत नाही. एकदा हौसेनं सांगून बसलो, त्याचा पश्चात्ताप अजून होतो.

साताऱ्याहून लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीकडे जाताना आमचं गाव लागतं. लिंबच्या विहिरीचा बोलबाला मोठा. आमची चारच मोटांची, पण दगड असे बसवलेत की सांध्यात सुरीचं पातं शिरणार नाही. १९४६ साली मी इथे शाळामास्तर होतो. पुण्याचे एक गृहस्थ मासिकात प्रेक्षणीय स्थळांवर लिहितात, असं लालासाहेब पाटलांच्या कानावर आलं आणि त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. 'अवश्य यावे, मोट चालू असताना पाहावी,' हे वाक्य माझंच.

पाहुणे आले ते नेमके बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या दिवशी. पंचांग बघायची त्यांना गरज वाटली नसावी. सांगलीचा गणपती त्यांनी मोटारीतून उतरून पाहिला होता, अजिंक्यतारा मोटारीत बसूनच. किल्ल्याबद्दल वहीत काय लिहिलं ते मला दाखवलं : 'चढ फार.' वर न जाताच!

विहिरीला लागून आकारामचं शेत होतं. एकरभर ऊस, दोन बैल आणि बायको बनुबाई, एवढाच त्याचा संसार. अकराव्या वर्षापासून तो मोट हाकत होता. गडी अबोल. मोटेवर उभा राहिला की मात्र गळा मोकळा सोडून गायचा. हातात चाबूक कधी नसायचा, नुसत्या गाण्यावर बैल उताराला लागायचे आणि गाणं थांबलं की मागे सरायचे. हरण्या आणि पाखऱ्या ही त्यांची नावं. त्या दिवशी ते कडुनिंबाखाली उभे होते. शिंगांना हिंगूळ, कपाळाला गोंडे, पाठीवर बनुबाईनं शिवलेली झूल.

"वा! हेच बैल जुंपा," पाहुणे कॅमेरा उघडत म्हणाले. "रंगीत शिंगं, मागे विहीर, फार छान फोटो येईल."

"आकाराम, घे जुंपून," पाटील म्हणाले.

"आवं पाटील, बेंदूर हाय आज."

"एकच खेप. लांबनं आल्यात पाव्हणं."

"काल सांजच्याला ह्यांच्या खांद्याला लोणी-हळद लावलीया. उद्या जू न्हाई, म्हनून सांगितलंय त्यास्नी. आता कसं ठिवू?"

पाहुणे हसले. "बैलाला काय कळतंय!"

वर्षभर मान मोडून राबणाऱ्या जनावराला वर्षातला एक दिवस मिळतो. तोही ह्यांना फोटोसाठी हवा होता! पाटलांचा चेहरा लाल झाला. पाहुण्यांसमोर एक कुळवाडी नाही म्हणतो, हे त्यांना झेपेना.

"उद्यापास्नं तुजी पाण्याची पाळी बंद. बघू ऊस कसा जगतोय."

पावसानं त्या वर्षी ओढ दिली होती. उसाचे शेंडे करपायला लागले होते. आठ दिवस पाणी चुकलं असतं तर आकारामचं वर्ष गेलं असतं. मी तिथेच उभा होतो. चार अक्षरं शिकलेला माणूस, पण एक शब्द बोललो नाही. पाटलांना भ्यालो, दुसरं काय?

आकाराम उठला, जू उचललं आणि स्वतःच्या खांद्यावर घेतलं.

"मोटच बघायची हाय न्हवं? बघा."

बनुबाई बैलांना पुरणपोळी चारत होती. ताट तिनं तिथेच ठेवलं, पदर खोचला आणि जुवाची दुसरी बाजू खांद्यावर घेतली.

"येकट्याला न्हाई वढायची ती."

मोट अर्धीच बुडवली होती, तरी नाडा ताणला तशा दोघांच्या माना खाली गेल्या. उतारावरून ती दोघं एकेक पाऊल टाकत गेली. आकाराम त्या दिवशी गायला नाही. थारोळ्याच्या दगडी हौदात पाणी पडलं, पाहुण्यांनी कॅमेऱ्याची कळ दाबली, आभार मानले आणि लिंबला गेले. कडुनिंबाखाली बैल पोळी खात होते.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलं असतं. दिवाळीच्या सुमारास मासिक आलं. गाव पारावर जमला आणि मला वाचायला लावलं. फोटोखाली छापलं होतं : 'या भागातील दैन्य इतके की, बैलांअभावी येथील शेतकरी पत्नीला मोटेला जुंपतो.'

आकाराम मान खाली घालून उठून गेला. बनुबाईनं मासिक हातात घेऊन फोटो निरखला.

"मला कुनी जुंपलं? माजी मी गेलते. आन मास्तर, ह्यात बैल कुठं हायत?"

बैल नव्हते. कडुनिंबासकट फोटोतून कापून टाकले होते.

मी संपादकांना तीन पत्रं घातली. एकाचंही उत्तर नाही.

पुढच्या उन्हाळ्यात पाचगणीहून हवा खाऊन परतणारी एक मोटार विहिरीपाशी थांबली. आतल्या माणसांच्या हातात तेच मासिक होतं. विहीर त्यांनी पाहिलीसुद्धा नाही. मलाच विचारलं, "ती जुंपलेली बाई कुठे बघायला मिळेल?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अजिंक्यतारा, सज्जनगड, लिंबची विहीर आणि आता आमची बनुबाई!

मी बोलायच्या आत तीच पुढे आली. गोठ्यात गेली आणि दोन्ही बैल सोडून, कासरे धरून मोटारीपुढे आणून उभे केले.

"हे बघा. आमचं बैल."

"बैल काय, कुठेही दिसतात," आतली बाई म्हणाली. मोटार सुरू झाली.

बनुबाई कासरे धरून रस्त्यातच उभी राहिली. "मास्तर, तुमास्नी त्यांच्यावानी बोलता येतंय. सांगा की त्यास्नी, आमच्याकडं बैल हायत म्हनून."

मी मोटारीमागे ओरडत धावलो. कुणी मागे वळून पाहिलं नाही.