तलावाच्या पाळीवर मस्कतचं नेट

आमच्या घरात बी.ए. झालेला पहिला मी. हे मी आजही सांगतो, कोणाला फुशारकी वाटली तर वाटू द्या. बाबा तलावात जाळं टाकत, आजाही तेच करायचा, आणि मी चंद्रपूरला राहून पदवी घेऊन आलो. त्यामुळे गावात कुठला कागद किंवा कुठलं यंत्र आलं, की आधी माझ्याकडे यायचं.

गावात मोबाईल येऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हाची गोष्ट. माझा आतेभाऊ कोरपन्याकडच्या सिमेंट कारखान्यातून कंत्राटावर मस्कतला गेला होता. तिथे तो फोरमन आहे, हे सगळ्या गावाला पाठ होतं. सुट्टीवर आला तेव्हा त्याच्यासोबत एक वापरलेला लॅपटॉप होता आणि लॅपटॉपला नेट लावायचं बोटभर लांबीचं डाटा कार्ड होतं. त्याचं जुनं कंत्राट संपलं होतं. नवीन कंत्राटाचा मेल कंपनी पाठवणार होती, आणि सात दिवसांत होकार गेला नाही तर ती जागा दुसऱ्याला.

"चिमूरले कॅफे आहे, चाल जाऊ," मी म्हटलं.

"नाई. तिथल्या मशिनीत पासवर्ड राह्यते. आमच्या कॅम्पातल्या एकाचा मेल दुसऱ्यानंच उघडला अन् त्याच्या नावानं नाई म्हणून लिहून देल्लं. तू हे कार्डच चालू करून दे. शिकलेला आहेस ना?"

शिकलेला आहेस ना, असं कोणी म्हटलं की मी हातातलं काम सोडत असे.

कार्डात आपल्याकडचं सिम घातलं तर पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजी आणि अरबी अशा दोन्ही भाषांत ती कसला तरी कोड मागत होती. कार्ड मस्कतच्या मोबाईल कंपनीशी बांधलेलं होतं, दुसऱ्या कोणाचं सिम त्याला चालत नव्हतं. चिमूरचा मोबाईलवाला म्हणाला, "ठेवून जा, उद्या या."

"ठेवत नाई. मी इथीच बसतो."

"बसा. पण हात लावू नका."

मी स्टूल ओढून त्याच्या खांद्याशी बसलो. त्याने नागपूरला कोणाला तरी फोन करून कार्डावरचा नंबर सांगितला आणि तिकडून कोड घेतला. तो जे जे दाबत होता ते ते मी वहीत उतरवून घेतलं. त्याने आत आपलं काही घालून ठेवलं तर? घातलं असतं तरी मला कळलं नसतं, पण मी लिहितो आहे हे त्याला दिसलेलं बरं.

घरी आल्यावर सेटिंगमध्ये तिकडच्या मोबाईल कंपनीचं नाव पुसून आपल्याकडचीचं घातलं. तीनदा चुकलं, चौथ्यांदा जमलं. आता फक्त नेटवर्क पाहिजे होतं आणि ते घरात येत नव्हतं.

टॉवर चिमूरच्या बाजूला, म्हणून मी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेलो. लांब बांबूच्या टोकाला कार्ड बांधलं, त्याची वायर खाली लॅपटॉपला जोडली आणि पाळीवरून पावलं मोजत फिरलो. मोहाच्या झाडापासून चाळीस पावलांवर नेटवर्कची एक काडी दिसे, साठ पावलांवर दोन. सकाळी एका जागी मिळे, दुपारी दुसऱ्या, आणि मेल उघडायच्या आत निघून जाई. जागा विसरू नये म्हणून मी तिथे खुंट्या ठोकल्या आणि आईच्या फाटक्या लाल लुगड्याच्या चिंध्या त्यांना बांधल्या. पद्धतशीर काम करतो आहोत, याचं समाधानही वाटलं.

आमच्याकडे पाळीवर कोणी एकट्याने खुंटी रोवत नाही. तलाव मच्छीमार सोसायटीचा. साधी जाळं वाळवायची काठी रोवायची तरी बैठकीत विचारावं लागतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी मी विचारलं नाही. त्याच्या दोन वर्षं आधी शेजारच्या गावात असेच बांबू घेऊन, लाल चिंध्या बांधत, पावलं मोजत माणसं फिरली होती. त्यानंतर खाणीसाठी जमिनी घ्यायच्या नोटिसा आल्या.

पाचव्या दिवशी सकाळी बाबा जाळं खांद्यावर घेऊन तसेच परत आले. त्यांना कोणी नावेत घेतलं नव्हतं.

"तू काय मोजून राह्यला ते सांगून टाक," ते म्हणाले.

"मोजत नाई जी, नेट पाहून राह्यलो."

"मग पावलं काऊन मोजते?"

याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते सांगताना माझं मलाच खोटं वाटलं. बाबांनी ऐकून घेतलं, मान हलवली आणि विचारलं, "मस्कतवाल्यानं तुले काई कबूल तर नाई केलं?"

स्वतःच्या बापाने असं विचारावं. पण खरं सांगायचं तर आतेभावाबद्दल माझ्याही मनात किंतु होता. पासवर्ड टाकताना तो लॅपटॉप फिरवून घेई, ते ठीक. पण मेल आला की मला एकट्याला पाहू दे, असं तो रोज म्हणत होता, आणि त्याला इंग्रजी धड वाचता येत नव्हतं. मग एकट्याने पाहून करणार काय होता?

त्याच दुपारी पाळीवर बैठक बसली. सोसायटीचे अध्यक्ष बाबांपेक्षा मोठे, मी त्यांना मोठेबाबा म्हणतो. शाळेचे मास्तरही त्यांनी बोलावून घेतले होते.

"तुह्या मशिनीत काय येते ते आमच्यापुढं वाच," मोठेबाबा म्हणाले. "मास्तर बाजूले बसतीन. खोटं वाचलं तर ते सांगतीन."

"घरची गोष्ट आहे जी," आतेभाऊ म्हणाला. "माह्या नोकरीचं आहे."

"अन् तलाव कोणाच्या घरचा आहे?"

वारा होता, बांबू डुलत होता. मी म्हटलं, "कोणी तरी धरा, नाईतर तुटते." कोणी उठेना, तेव्हा मोठेबाबांनीच दोन्ही हातांनी बांबू धरला आणि वर त्या कार्डाकडे, ते उडून जाईल अशा नजरेने पाहत राहिले. आतेभावाने पासवर्ड टाकला. चक्र बराच वेळ फिरलं. मेल चार दिवसांपूर्वीच येऊन पडला होता.

मी एकेक ओळ मराठीत सांगू लागलो. कंपनी आभारी आहे. नवीन कंत्राट दोन वर्षांचं आहे. मग पुढची ओळ आली आणि मी थांबलो.

"थांबला काऊन?" मोठेबाबा.

ओळीत असं होतं, की आधीप्रमाणेच हेल्परच्या जागेवर. नुसतं आधीच्या जागेवर असं म्हणून पुढे जाता आलं असतं. आतेभाऊ माझ्याकडे पाहत होता. मास्तर डोळे बारीक करून पडद्याकडे पाहत होते. एक शब्द लपवला आणि मास्तरांनी पकडला, तर तलावाचंही कोणी खरं मानणार नव्हतं. मी आहे तसं वाचलं.

मग मागून कोणी म्हणालं, "हेल्परले लॅपटॉप भेटते वाटते तिकडं." दोघे-तिघे हसले.

"हो लिहून दे," आतेभाऊ मला म्हणाला. आवाज अगदी साधा होता. मी लिहिलं, पाठवलं, आणि पडद्यावर गेल्याचं आलं.

"आमच्या तलावाचं काई नाई ना त्याच्यात?" मोठेबाबांनी विचारलं.

"नाई," मी म्हटलं. मास्तरांनीही मान हलवली. तरी मोठेबाबांनी खुंट्या स्वतःच्या हाताने उपटल्या. दुसऱ्या दिवशी बाबा नावेत बसले.

घरी जाताना आतेभाऊ एवढंच म्हणाला, "मले एकट्याले पाहू दे म्हणत होतो ना." महिन्याभरात तो मस्कतला गेला. नोकरी राहिली. फोन तो बाबांना करतो, माझी चौकशी करत नाही.

पुढे पावसाळ्यात शाळेपाशी मास्तर भेटले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाले, "त्या दिवशी तू वाचलं ते खरंच तसं लिहून होतं काय रे? मले तर उन्हात पडद्यावर काईच दिसत नोतं."

मी हो म्हटलं. त्यांचा विश्वास बसला की नाही, सांगता येत नाही.