उभ्यानं शिवलेले शर्ट

चितेगावच्या शर्टांच्या कारखान्यात मी शिलाई खात्यातली सगळी स्टुलं काढून टाकली. बायकांनी उभ्यानं शिवावं, असं माझं म्हणणं होतं.

माझं कसलं! पुण्याच्या एका हॉटेलात मॅनेजर लोकांचं शिबिर होतं. तिथल्या तज्ज्ञानं, ज्यानं जन्मात स्वतःच्या शर्टाचं तुटलेलं बटण लावलं नसावं, पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की उभा कामगार ताजा असतो, आनंदी असतो आणि माल जास्त काढतो. हे त्यानं बसून सांगितलं. आम्ही गुबगुबीत खुर्च्यांत बसून माना डोलावल्या.

परत येऊन मी शेठना ही नवी पद्धत सांगितली. त्यांनी एकच विचारलं, "खर्च?" मी म्हणालो, "काहीच नाही." शेठना ती तिथंच पटली.

स्टुलांवर बायकांनी कटिंगच्या चिंध्या जोडून शिवलेल्या गाद्या होत्या, जिची तिची आपल्या मापाची. स्टुलांबरोबर त्याही गोदामात गेल्या. बदल्यात मी काय दिलं, तर एक फळा. त्यावर हसरा चेहरा, रडका चेहरा. घरी जाताना एकावर टिकली चिकटवायची. रोज सगळ्या टिकल्या हसऱ्यावर! कामगारांचं समाधान म्हणून मी तो फळा शेठना कौतुकानं दाखवला. मुकादम फळ्याला टेकूनच उभा असतो, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

इकडे बायका एका पायावर तोल सांभाळत दुसऱ्यानं पायडल दाबत होत्या. कॉलरी शेळीच्या कानासारख्या लोंबायला लागल्या. आणि एका सोमवारी अर्ध्या मशिनी रिकाम्या. बायका त्यांच्या नेहमीच्या जीपनंच आल्या होत्या, फक्त समोरच्या कारखान्यात उतरल्या.

शहागंजच्या व्यापाऱ्याला शाळा उघडायच्या आत गणवेशाचे शर्ट द्यायचे होते. शेठ म्हणाले, "बायकांना घेऊन या, नाहीतर तुम्ही पण तिकडंच राहा."

जेवणाच्या सुट्टीत मी समोरच्या फाटकाशी गेलो. कॉलर लावणाऱ्या, सगळ्यांत जुन्या मावशी बाहेर आल्या.

"मावशी, तुमची अडचण समजून घ्यायला आपण एक समिती नेमू."

"समिती? स्टूल उचलायला किती माणसं लागतेत वो?"

"पण फळ्यावर तर तुम्ही सगळ्या खूश होतात!"

"मुकादम उरावर उभा. त्याच्यासमोर रडक्या थोबाडाला टिकली लावायची व्हय?"

मागं हशा पिकला. मी हात जोडले. "स्टुलं आजच लावतो. गाद्याही देतो. पण चला."

"उद्या येतो. पर साहेब, येक करा. शर्ट जाईस्तोवर तुम्ही रजा काढा. तुम्ही नसता तवाच माल धड निघतो."