छबूबाईचं फटाणं

तापीकाठच्या आमच्या गुजर गावांमध्ये लग्न ठरलं की आधी मांडववाल्याला सांगतात की छबूबाईला, यावर वाद होऊ शकतो. जेवणाच्या पंगतीत वऱ्हाडाची फजिती करणारी गाणी म्हणजे फटाणे, आणि ते म्हणावेत छबूबाईनं. नवरदेवाचा मामा किती खातो, व्याह्याच्या मिशीला कलप कोणता, सगळं ती तिथल्या तिथे गाण्यात बसवते. फटाण्याचा नियम सोपा आहे: ऐकणाऱ्यानं हसायचं. जो रागावला तो हरला. पण जो हसला, त्यानं म्हटलेलं कबूल केलं.

या बाईला एक लेक, काजल. तिला दहावीपर्यंत आणि पुढेही नंदुरबारच्या ‘नवशिखर’मध्येच घालायचं, हे छबूबाईनंच ठरवलं होतं. चौफुलीवर दोन खाजगी शाळांचे फ्लेक्स शेजारी शेजारी लागायचे. कोणाची किती पोरं डॉक्टरकीला, किती इंजिनिअरिंगला. त्या फ्लेक्सखाली ती नवऱ्याला घेऊन उभी राहिली होती.

“हाईमा तोंडं जास्ती शेतस,” चुडामण दुसऱ्या शाळेकडे बोट करत म्हणाला.

“तोंडं नका मोजू. शंभर टक्के निकाल कोना शे ते देखा.”

शंभर टक्के नवशिखरचा होता.

तो शंभर कसा होतो, ते काजल अकरावीत मागे पडली तेव्हा कळलं. प्राचार्य हेमकांत सरांनी आईबापांना बोलावून घेतलं, चहा मागवला आणि काजलचा दाखला पुढे सरकवला.

“हिचा सतरा नंबरचा फॉर्म भरा. बाहेरून परीक्षा देऊ द्या.”

सतरा नंबर म्हणजे शाळेत न जाता बारावीला बसणं. पोर नापास झाली तरी शाळेच्या निकालाला डाग नाही.

“सर, वरीसभर जोर लावसू ना,” छबूबाई म्हणाली. “शिकवन्या लावसू.”

“एका मुलीसाठी शाळेचा निकाल पाडू का?” सर हसले. ते याच भागातले, त्यांच्या लग्नातही छबूबाई गायली होती. “आणि तुम्हाला काय चिंता? तुमच्यासारखी गाणी म्हणायला शिकवा. गाण्याचा निकाल लागत नाही.”

काजल दाराशी उभी होती. तिनं ते ऐकलं. त्या वर्षी छबूबाईनं एकाही लग्नात फटाणं म्हटलं नाही. लोकांना वाटलं घसा बसला.

काजलनं बाहेरून बारावी दिली, सीईटी दिली आणि सरकारी कृषी महाविद्यालयात नंबर लावला. छबूबाईनं गावभर पेढे वाटले, पण तिचं मन काही निवलं नाही. सरांनी हसत हसत म्हटलेलं ते वाक्य तिच्या दातात काडीसारखं अडकून बसलं होतं.

पुढच्या जूनमध्ये बाजाराला जाताना चौफुलीवर जीप थांबली, आणि तिला नवशिखरच्या फ्लेक्सवर काजल दिसली. दहावीच्या ओळखपत्रावरचा फोटो, दोन वेण्या, शाळेचा टाय. खाली ‘आमची गुणवंत’. वर हेमकांत सरांचा हात जोडलेला मोठा फोटो.

चार दिवसांनी सत्काराचं निमंत्रण आलं. प्रवेशासाठी शाळा पाहायला येणाऱ्या पालकांच्या मेळाव्यातच सत्कार होता.

काजलचा फोन आला. “आई, मी फोन करीसन फ्लेक्सवरना फोटो काढाले सांगस. तू नको जाऊ.”

“फोन करशी तं ते गपचूप काढी टाकतीन. कोनले काय समजी?”

“मंग तू काय करशी?”

“सत्कार करी लिसू.”

चुडामणनं हात जोडले. “बाई, शाल दी ऱ्हायनात, ली ले आनि घर ये.”

ती गेली. सोबत दिवलीबाई आणि तापीबाई, तिच्या गाण्याला झील धरणाऱ्या. हॉल पालकांनी भरला होता, काहींच्या हातात दुसऱ्या शाळेचीही पत्रकं होती. हेमकांत सर बोलले, “काजल माझ्या हाताखाली घडली.” शाल दिली, नारळ दिला, आणि माइक पुढे केला. “ताई, दोन शब्द.”

“सर, शब्द कोठून जमतीन माले? तुम्हीच सांगं व्हतं, गानं म्हना.”

आणि सरांना ‘याही’ म्हणजे व्याही करून तिनं पंगतीतला सूर लावला. दोघींनी मागून झील धरली.

“शंभर टक्का मांडो तुन्हा, याही मोठा ताठा,
सतरा नंबर म्हनी पोरले दाखाडी तू वाटा;
पोर शिकनी परघरमा, तू करी ऱ्हायना तोरा,
सांग याही, मन्ही पोरना फोटो कसा चोरा?”

हॉलमध्ये हशा पिकला. आणि हेमकांत सरही हसले! लहानपणापासूनची सवय, फटाणं कानावर पडलं की हसायचं. हसू तोंडावर असतानाच त्यांच्या लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो.

मागून एक बाई उठली. “मन्हा पोरलेबी सतरा नंबरले धाडा व्हता ना, सर?”

“आनि मन्हा भाचाले!” दुसरीकडून आवाज आला.

“माइक बंद करा!” सर ओरडले. म्हणजे रागावलेही.

“दोनदाव हारना, याही,” छबूबाई माइकशिवायच म्हणाली, आणि तिचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

शाल तिनं खुर्चीवर ठेवली. नारळ मात्र घेतला.

नवशिखर बंद पडली नाही. अशा शाळा गाण्यानं बंद पडत नाहीत. पण आता चौफुलीवर फ्लेक्स बघणारे पालक आत जाऊन विचारतात, “शंभर टक्के ऱ्हाऊ द्या सर, सतरा नंबर कितला ते सांगा.” सर उत्तर देताना चहा मागवतात म्हणे.

फ्लेक्स दुसऱ्याच दिवशी उतरला. छबूबाईनं चुडामणला पाठवून तो मागून आणला. काजलचा चेहरा कात्रीनं गोल कापून पेटीत ठेवला, उरलेला गुंडाळून माळ्यावर टाकला. मिरची तोडायला आली तेव्हा ती वाळवायला तो काढला आणि अंगणात सुलटा अंथरला.

काजल सुटीत घरी आली, तेव्हा छबूबाई लाल मिरच्या हातानं पसरत होती. नेमक्या हात जोडलेल्या सरांच्या डोळ्यांवर तिनं एक भरलेली ओंजळ ओतली.

“आई, आते तरी उचल ना ते,” काजल म्हणाली. “पुरे झाया.”

छबूबाईनं मिरच्यांवरून हात फिरवला. एक उचलून मोडून पाहिली, ती वाकली पण तुटली नाही.

“ओली शे अजून,” ती म्हणाली.