ठिगळाची बाजू

सदू गेल्याचं मला त्याच्या शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डिंगवाल्याने फोनवर सांगितलं. "काका, हवा भरताना ट्रकचं चाक फुटलं. लोखंडी रिंग उडून लागली… सदूशेठ जागेवरच गेले." यावर माणूस काय विचारेल? कधी, कसं, वहिनींना कळवलंत का. मी विचारलं, "त्याचा गेज कुठाय?" "काका, आधी बसा, पाणी प्या," पलीकडचा बिचारा म्हणाला. काकांना धक्का बसलाय असं त्याला वाटलं असणार. धक्का बसला होताच, पण प्रश्न मी पूर्ण शुद्धीवर राहून विचारला होता.

सदू आणि मी कोकणातल्या एकाच वाडीतले. तो टिटवाळ्याला राहायचा, मी डोंबिवलीला. वागळे इस्टेटमध्ये त्याचं टायरचं दुकान आणि तिथून हाकेच्या अंतरावर माझी कंपनी, तिथे मी स्टोअरकीपर. तीस वर्षं दुपारचा डबा आम्ही त्याच्या दुकानातच खाल्ला, आणि रिटायर झाल्यावरही मी सवयीने जातच राहिलो. चाकातली हवा मोजायचा त्याचा गोल काट्याचा गेज त्याला काम शिकवणाऱ्या उस्तादाने दिलेला. त्यावर सदूने जुन्या ट्यूबचं रबर कापून घट्ट कव्हर चढवलं होतं, फक्त काच तेवढी उघडी. रबरावर पंक्चरचं एक लाल ठिगळ होतं आणि ते कायम वरच्या बाजूला असायचं. "पोटच्या पोराला एवढं जपलं नाहीस," मी चिडवायचो. तो हसायचा नाही. "पोरगं पडलं तर रडून सांगतं रे. हा पडला ना, की गुपचूप खोटं बोलायला लागतो." कव्हर निघायचं ते वर्षातून एकदा, दसऱ्याला. गेज पुसायचा, दुसऱ्याच्या नव्या गेजशी ताडून बघायचा, हळदकुंकू वाहायचं आणि रबर पुन्हा चढवायचं. एरवी त्याला कुणी हात लावलेला सदूला खपत नसे.

गेल्या श्रावणात तो समोर चहा सांगायला गेलेला. मी एकटाच बसलो होतो. कव्हर ग्रीसने चिकट झालेलं दिसलं, म्हटलं रॉकेलने पुसून देऊ. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय! रबर ओढून काढलं आणि उघडा गेज हातातून निसटून सिमेंटवर पडला. कव्हर असताना तो दहादा पडला असेल, काही झालं नव्हतं. या वेळी मात्र गेजच्या पाठीला पोचा आला. काच शाबूत होती, काटा शून्यावर. मी घाईघाईने कव्हर चढवून गेज खिळ्याला अडकवला. सदू आला. सांगायचं म्हणून मी तोंड उघडलं आणि… बिस्किटं आणलीस का, असं विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी डबा सोडत होतो, तर सदू गेज हातात घेऊन नुसता बघत उभा. तेव्हा माझं लक्ष गेलं. लाल ठिगळ खालच्या बाजूला होतं. त्याने अंगठ्याने कव्हर फिरवून ठिगळ वर आणलं आणि गेज खिळ्याला अडकवला. त्या दिवसापासून मी निघताना तो न चुकता विचारायचा, "आणि काय, बाळ्या?"

"काय नाय रे."

"बरं."

त्यानंतर कंप्रेसर सुरू झाला की माझ्या मनात यायचं, गेज खोटं बोलत असेल तर चाकात हवा जास्त जाईल. दसऱ्याला ताडून बघेलच, तेव्हा आपोआप कळेल, अशी मी मनाची समजूत घालत होतो. मला भीती वाटत होती आणि लाजही, खरं तर लाजच जास्त. ऐन पितृपक्षात, दसऱ्याला पंधरा दिवस उरले असताना चाक फुटलं.

टायर जुनं होतं, रिंग गंजलेली होती, सगळे हेच म्हणाले. मी मान डोलावत राहिलो. तेराव्याला वहिनींनी गेज माझ्या हातात ठेवला. "भाऊजी, हा तुम्हीच ठेवा. तुमच्याशिवाय कोण जपणार?" मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

दोन दिवसांनी दसरा. घरी पाटावर गेज ठेवला आणि रबर काढलं. पाठीवरच्या पोच्यावर पांढरी चिकटपट्टी लावलेली होती. तिच्यावर पेनाने, सदूच्या वाकड्या अक्षरात, लिहिलं होतं: 'पाच कमी दाखवतो.'

म्हणजे दसऱ्यापर्यंत तो थांबलाच नव्हता. कुठेतरी ताडून बघून आला होता, आणि एवढे दिवस काट्यावर पाच पौंड कमी असतानाच हवा बंद करत होता. उस्तादाचा गेज टाकवत नसेल म्हणून, की मी आपणहून सांगेन म्हणून… त्या दिवशी ते पाच त्याच्या लक्षात होते का? टायरने घात केला, की मी? हे आता कुणीच सांगू शकत नाही.

ठिगळ वरच्या बाजूला ठेवून मी कव्हर परत चढवलं. दुपारी जेवायला बसलो की गेज समोर असतो. "सदू, माझ्या हातून पडला रे," मी म्हणतो. रोज म्हणतो. काटा शून्यावरच असतो.