टेलरबाईंच्या अकरा पायऱ्या

चाळीस वर्षं लोकांचे सदरे आणि शाळेचे गणवेश शिवलेल्या बाईने विटा रचायला घेतल्या, तेव्हा गल्लीने तोंडात बोटं घातली. टेलरबाईंना त्याचं काही वाटलं नाही. कापड असो की दगड, माप नीट घेतलं की निम्मं काम झालं, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या मापाचा त्यांना भलता अभिमान होता, आणि तो त्यांनी कधी झाकूनही ठेवला नाही.

पायऱ्या हव्या होत्या नवऱ्यासाठी. तीस वर्षं बस चालवलेला माणूस. गल्लीत सगळे त्यांना अजून ड्रायव्हरसाहेबच म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली. उजेड आणि सावली, एवढंच काय ते कळायचं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराबाहेर जमीन एकदम साडेपाच फूट खाली उतरायची, आणि तिथे त्यांची बाग होती. टोमॅटो, शेंगांचे वेल, एक लिंबाचं झाड. त्या मातीच्या घसरणीवरून ते एकदा सपशेल आपटले, आणि बायकोचा हात धरल्याशिवाय खाली जाणं बंद झालं. हात मागायची त्यांना चीड यायची. म्हणून मागायचेच नाहीत. दारात खुर्ची टाकून बसून राहायचे.

पुढच्या दाराच्या चार पायऱ्या मात्र ते एकटे खटाखट उतरायचे. पायांना त्या पाठ होत्या. बाईंनी एक दिवस तिथे टेप लावला. प्रत्येक पायरी बरोबर सहा इंच.

"मागेही अशाच बांधायच्या. अकरा," त्यांनी जाहीर केलं. "सूतभरही फरक नको."

"गवंडी कोण?"

"मी. कालवायला तुम्ही."

आधी खाली बागेत जमिनीच्या पातळीवरच चौरस ओटा केला. माती ठोकून ठोकून बसवली, वर फरशी घातली, बाक मांडला. सिमेंटमध्ये पाणी जास्त झालं की कमी, हे ड्रायव्हरसाहेबांना फावड्याच्या आवाजावरून कळायचं, तेही बाईंना दिसायच्या आधी. मग तळापासून एकेक पायरी वर चढू लागली. बाईंनी पायरीच्या उंचीची एक फळी कापून घेतली होती. ती उभी धरायची, वरची लादी तिच्या टोकाशी आली की पुढची पायरी. सिमेंट मुरेपर्यंत कुणी पाय ठेवायचा नाही, असा हुकूम. नवऱ्यालाही सूट नव्हती.

तीन आठवड्यांनी दहावी पायरी बसली, आणि दाराचा उंबरा तिच्यापासून फक्त एक इंच वर राहिला.

अकरावी गेली कुठे? बाईंनी पायऱ्या दोनदा मोजल्या. मग फळीला टेप लावला. साडेसहा! कापड कापताना शिलाईसाठी अर्धा इंच जास्त सोडायचा, ही हाताची चाळीस वर्षांची सवय. फळी कापतानाही हाताने तो सोडला होता, डोक्याला न विचारता.

बाईंचा धाकटा भाऊ घरं बांधायचे ठेके घ्यायचा. तो बघायला आला आणि पोट धरून हसला.

"एका इंचाचं काय घेऊन बसलीस, ताई? असू दे तशीच. कुणाच्या लक्षात येतंय?"

"ज्यांच्यासाठी बांधल्या, त्यांच्या पायाला येईल. तोंडावर पडतील."

"राहू दे गं," ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "वरची तेवढी बुटकी आहे, हे मी लक्षात ठेवीन."

"लक्षात ठेवत ठेवत उतरायचं असतं, तर ती घसरण काय वाईट होती?" बाई कडाडल्या. "उसवायच्या. सगळ्या."

"सिमेंट म्हणजे दोरा नव्हे, ताई!"

"माझ्या दुकानातून वाकडी शिवण कधी बाहेर गेलेली नाही. ती घरात ठेवू होय?"

भावाने कपाळाला हात लावला, पण दुसऱ्या दिवशी छिन्नी आणि मोठा हातोडा मुकाट्याने आणून दिला. चार दिवस ठोकाठोक चालली. दोन लाद्या फुटल्या, बाईंच्या तळहाताला फोड आले. ड्रायव्हरसाहेब ओट्यावर बसून निघालेली प्रत्येक वीट चाचपायचे, चिकटलेलं सिमेंट खरवडायचे आणि चांगल्या विटांची थप्पी लावायचे. नवी फळी कापताना बाईंनी टेप तीनदा लावला, आणि नवऱ्यालाही बोटांनी मोजायला लावलं. या खेपेला अकरावी पायरी उंबऱ्याला अशी येऊन भिडली, की भावाने लेव्हलपट्टी लावून बघितली आणि मग पुन्हा एकदा लावून बघितली. त्याच्याकडून कौतुक म्हणजे एवढंच.

आणखी आठवडाभर पाय ठेवायला बंदी. आठव्या दिवशी दोघांनी मिळून उतरायचं ठरलं होतं.

त्या सकाळी बाईंना जाग आली, तर शेजारचं अंथरूण रिकामं. बाहेरच्या खोलीत कुणी नाही. पुढच्या दाराला आतून कडी. स्वयंपाकघरात आल्या, तर मागचं दार सताड उघडं. धावत उंबऱ्यापाशी गेल्या.

ड्रायव्हरसाहेब खाली वेलांपाशी उभे होते. चाचपून चाचपून शेंगा तोडत होते आणि शर्टाच्या ओच्यात टाकत होते.

"अहो! सांगून जायचं नाही का?"

"कशाला? तू झोपली होतीस."

दोन वर्षांत हा माणूस पहिल्यांदा बाईंना न विचारता कुठेतरी गेला होता.

"चहा टाक," ते खालून म्हणाले. "आलोच मी."

ते पायऱ्यांकडे वळले. बाईंचा हात सवयीने पुढे झाला. तो त्यांनी मागे घेतला, पाठ फिरवली आणि आत जाऊन आधण ठेवलं. मागे वळून बघितलं नाही. पावलं वर येत होती, सगळी सारख्या अंतराने, एकही न अडखळता, आणि बाई चहाच्या भांड्याशी ताठ उभ्या राहून ती ऐकत होत्या.