परद्याची हाळी

"परदा हो! परदा!"

बुरुजाच्या निम्म्या जिन्यात थांबून राखणदार हुसेनमियांनी झरोक्यातून हाळी दिली. खालच्या वस्तीतल्या बायका भराभर अंगणातून आत गेल्या. दारं लागली.

"आता चला वर," ते मला म्हणाले. पुरुष बुरुजावर चढला की सगळी अंगणं त्याच्या नजरेखाली येतात, म्हणून आधी हाळी. पूर्वी इथून शत्रूवर नजर ठेवत. आता राखणदाराला एवढंच काम.

माझ्यामागून येणारी आत्या पायरीवर बसली. "आता मला कोण दिसणार, कप्पाळ?"

सकाळी बार्शीहून सर्व्हिस मोटारीनं निघालो होतो. निजामाच्या हद्दीत शिरताना नाक्यावर सामान उघडून दाखवावं लागतं. नवं कापड नेऊ नका, फार चौकशी होते. हद्दीतल्या वाशी गावापासून पुढं बैलगाडी. भाकरी-चटणी बांधून घ्या. वाटेत चहाखेरीज काही मिळत नाही. डोंगर संपतो तिथं त्याचं नाक मैदानावर पुढं आलं आहे. त्यावर हा काळ्या दगडाचा बुरूज, पायथ्याला गाव. मी बुरुजासाठी आलो होतो.

आत्या आली होती जैनबसाठी. दोघी बार्शीत एका गल्लीत वाढल्या. जैनबला बुरुजाच्या गावात दिली, एवढंच आत्याला ठाऊक. नवऱ्याचं नाव माहीत नव्हतं. पारावर विचारलं तर माणसं हसली. "बायांची नावं आमाला काय ठावं, आक्का? कुणाची आई, ते सांगा." गाडीवाल्याला उजेडात परतायचं होतं. पुन्हा येणं आत्याच्या वयाला जमणारं नव्हतं.

"हुसेनमिया, बायांना बाहेर बोलवा," ती म्हणाली.

"तशी हाळी न्हाय, आक्का. आपल्याकडं एकच हाय."

"ती बापयांसाठी ना? वर एकटी बाईच असली तर?"

"मग परदा कशाला?"

"मग तुम्ही दोघं इथंच बसा."

"अन् हे? लई लांबून आलेत, बुरूज बघाया."

"त्याला दगड बघू दे. इथंही आहेत."

ती वर गेली. आम्ही जिन्यात बसून राहिलो. वरून तिचा आवाज आला.

"ए जैने! मी गंगी! वर बापय न्हाय कुणी. बाहेर ये!"

एक कडी वाजली, मग दुसरी. खालून कुणीतरी ओरडलं, "कोन जैनब? हितं तिघी हायेत!"

"चिंचेवरनं पडली होती ती!"

हसू उठलं. मग एक भरडा आवाज आला. "गंगे! ढकललंस तू, अन् पडली म्हन्तीस?"

हुसेनमियांनी माझ्याकडं पाहिलं. "ही सर्फराजची आई. येवढा आवाज हाय तिला, म्हाईत नव्हतं."

आत्या आमच्या अंगावरून खाली उतरून गेली. थांबली नाही.

"आता तुम्ही जा वर. म्या हाळी देतो," हुसेनमिया म्हणाले. मी झरोक्यातून पाहिलं. अंगणं भरली होती. हाळी नको म्हटलं.

त्यामुळं वरून काय दिसतं ते मला सांगता येणार नाही. जिना मजबूत आहे. थंडीत जा.

गाडीवाला उजेडातच निघून गेला; दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली गाडी करून मी एकटाच बार्शीला परतलो. निघताना आत्या जैनबच्या ओसरीवर शेंगा फोडत होती. तिनं वर पाहिलं नाही.